चौकशीच्या टेबलावर आपला माणूस कुठाय?



पुढाऱ्यांच्या गटांवर आपण खूप लिहिलं. जयंतीतल्या डीजेवर लिहिलं. कवितेवर तर लिहून लिहून शाई संपवली. आज मी एका टेबलावर लिहिणार आहे. साधं लोखंडी टेबल. एका बाजूला तीन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एक. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत, तिथनं शहाड-आंबिवलीपर्यंत, जिथं जिथं कारखान्याचा भोंगा वाजला तिथं तिथं हे टेबल मांडलेलं आहे. कामगार त्याला इन्क्वायरी म्हणतो. कागदावर त्याचं नाव खातेअंतर्गत चौकशी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या माणसाची भाकरी कोर्टात जायच्या कितीतरी आधी या टेबलावर गेलेली असते. कोर्ट नंतर फक्त पंचनामा करतं. आणि या टेबलावर आपला शिकलेला माणूस दिसत नाही. आपल्यात एलएल.बी. झालेले कमी नाहीत. ते कुठं असतात, याचा जाब मला मागायचा आहे.

मी कोण विचारणारा? कापडाच्या प्रोसेस हाऊसमधला कामगार. जिगरवर पाळी करतो, सुट्टीच्या दिवशी कविता करतो. कायदा मला कुठल्या कॉलेजनं शिकवला नाही. रद्दीवाल्याकडनं आणलेली पुस्तकं आणि दुसऱ्यांच्या चार्जशिटा वाचत वाचत शिकलो. तेव्हा विद्वानांनी माझं व्याकरण सांभाळून घ्यावं. मुद्दा मात्र सांभाळून घेऊ नये, त्याला उत्तर द्यावं.

टेबलावर काय चालतं ते आधी बघा.

कामगाराच्या हातात चार्जशीट पडते. बहुतेक वेळा इंग्रजीत. आरोप ठरलेले: वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी हुकूम मुद्दाम मोडला. उद्धट भाषा वापरली. शिस्तीला बाधा येईल असं वर्तन केलं. हे शब्द कुणाच्या तोंडातनं आले नाहीत, स्थायी आदेशांच्या यादीतनं उतरवलेले असतात. मग निलंबन. निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, पुढं उशीर कामगारामुळं झाला नसेल तर ७५ टक्के. निम्म्या पगारात दिव्याला किंवा टिटवाळ्याला खोलीचं भाडं द्यायचं, पोरांची फी द्यायची, आणि इंग्रजी चार्जशिटीला आठ दिवसांत उत्तर द्यायचं.

मग चौकशी अधिकारी येतो. तो पुष्कळदा बाहेरचा वकील असतो. त्याची फी कंपनी देते. फी देणारा आणि आरोप करणारा एकच. तुम्ही म्हणाल, असा माणूस न्याय कसा देईल? सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली सारन मोटर्सच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की कंपनीचा वकील चौकशी अधिकारी झाला, तेवढ्यावरून तो पक्षपाती ठरत नाही. पक्षपात सिद्ध करा म्हणे. कुठं सिद्ध करायचा? त्याच्याच समोर, त्याच्याच रोजनाम्यात.

त्याच्या शेजारी मॅनेजमेंटचा प्रतिनिधी बसतो. तो एचआरमधला साहेब. कामगार कायद्याचा डिप्लोमा केलेला, दहा-वीस इन्क्वायऱ्या खाल्लेला. आणि आपल्या बाजूला? आपल्या बाजूला आपणच. टाटा लोकोमोटिव्हच्या कामगारांच्या खटल्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घरगुती चौकशीत युनियनचा प्रतिनिधी बरोबर मिळालाच पाहिजे असा हक्क कामगाराला नाही. स्थायी आदेशांनी दिला तर मिळेल. भारत पेट्रोलियमच्या प्रकरणात पुन्हा तेच झालं: कंपनीनं स्थायी आदेशात 'फक्त सहकामगार' लिहिलं असेल तर बाहेरचा युनियन पुढारी आत येणार नाही. म्हणजे ज्याच्या पोटावर पाय येऊ शकतो तोच सहकामगार साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून उलटतपासणी घेणार. वा रे न्याय.

एक दार मात्र किलकिलं आहे. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या एका कर्मचाऱ्यानं चौकशीत वकील मागितला होता. मंडळानं नाकारला आणि आपल्या बाजूनं मात्र कायदा सल्लागार उभे केले. १९८२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: मालकाच्या बाजूनं कायदा शिकलेला माणूस उभा असेल तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं हा नैसर्गिक न्यायाचा खून आहे. शब्द माझे, अर्थ त्यांचा. हा निकाल आपल्या किती पोरांना माहीत आहे? मॅनेजमेंटचा प्रतिनिधी खुर्चीवर बसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: साहेब, तुमचं शिक्षण काय? कायद्याची पदवी आहे? नोंद करा. आणि लगेच लेखी अर्ज द्यायचा, मला वकील द्या. नाकारला तर नाकारल्याची नोंद मागायची.

नोंद. सगळा खेळ या एका शब्दाचा आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-क होतं. १९७१ साली घातलेलं. कामगाराला काढलं ते चूक वाटलं, शिक्षा जास्त वाटली, तर ती बदलायचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला. चांगलं झालं. पण त्याच कलमाला एक शेपूट होतं: कोर्टानं रेकॉर्डवर आहे त्याच्यावरच जायचं, नवा पुरावा घ्यायचा नाही. चौकशी नीट झाली असं एकदा ठरलं की लोखंडी टेबलावर जे लिहिलं गेलं तेच लेबर कोर्टात जातं, तेच हायकोर्टात, तेच दिल्लीला. वीस वर्षांनी तीन न्यायमूर्ती जे वाचतात ते डोंबिवलीतल्या कुठल्यातरी केबिनमध्ये एका फीवाल्या वकिलानं टाईपिस्टला सांगितलेलं असतं. आपला माणूस जे ओरडला ते त्यात नसतं. आपला माणूस जिथं सही करून मोकळा झाला ते त्यात असतं.

दोन झोपलेल्यांची गोष्ट सांगतो. दोन्ही खऱ्या.

पहिली आपल्या ठाण्याची. कलर-केम हा रंगाचा कारखाना. रात्रपाळी, पहाटे साडेतीनचा सुमार, मशीन चालू आणि कामगार झोपलेले सापडले. त्या रात्री झोपलेले फक्त दोघेच नव्हते. कामावरनं काढलं त्यातल्या दोघांनी १९७१ च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रार केली. प्रकरण वर गेलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चूक आहे, पण या चुकीला बडतर्फी ही शिक्षा इतकी भयंकर जास्त आहे की तो कायद्याच्या भाषेत कामगाराचा छळच होतो. पहाटे साडेतीनला डोळा लागला म्हणून माणसाचं पोट कापता येत नाही, हे आपल्या ठाण्याच्या कामगारांनी देशाच्या कायद्यात लिहून घेतलं. ठाण्यात राहून हे आपल्याला ठाऊक नाही.

दुसरी पुण्याची. भारत फोर्जमधला एक हेल्पर. २६ ऑगस्ट १९८३, सकाळचे ११ वाजून ४० मिनिटं, लोखंडी पत्र्यावर झोपलेला सापडला. चौकशी झाली, बडतर्फ झाला. लेबर कोर्टानं परत घ्यायला सांगितलं. मालक लढत राहिला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी कायम केली. २२ वर्षं! का? त्याच्या नावावर आधीच्या तीन चुका नोंदलेल्या होत्या. त्या तीन नोंदींनी चौथ्या वेळेला त्याला खाल्लं.

तेव्हा मेमो येतो तेव्हा आपण काय करतो ते आठवा. 'जाऊ दे रे, सही कर, कशाला वाद.' मेमो घडी करून खिशात, खिशातनं भंगारात. दोस्तहो, मेमो भंगारात जात नाही. तो पर्सनल फाईलमध्ये जाऊन झोपतो. दहा वर्षांनी उठतो.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं. माझ्या कारखान्याचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या खात्यातला एक भाऊ. सांडपाण्याच्या टाकीत उतरून गाळ काढायला कंत्राटदाराचा माणूस आला नव्हता. सुपरवायझर याला म्हणाला, उतर. हा म्हणाला, माझं काम मशीनवरचं, मला मास्क नाही, दोरी नाही, मी उतरणार नाही. सुपरवायझर म्हणाला, 'तुम्हा लोकांना काय, सवय असते.' पाच जणांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी चार्जशीट: कायदेशीर आणि वाजवी हुकूम मोडला. 'तुम्हा लोकांना' हे चार्जशिटीत कुठून येणार? जात मालकाच्या जिभेवर असते, कागदावर कधीच नसते.

मी त्याच्या बाजूनं सहकामगार म्हणून बसलो. सुपरवायझरला मी विचारलं, 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुठल्या लोकांना? चौकशी अधिकारी म्हणाला, प्रश्न असंबद्ध, पुढं चला. टाईपिस्टनं हात उचलला. मी म्हणालो, प्रश्न लिहा, तो तुम्ही नाकारला हेही लिहा, मग पुढं जाऊ. तो चिडला. म्हणाला, तू वकील आहेस काय? मी म्हणालो, नाही, म्हणूनच लिहून घ्या म्हणतोय. लिहिलं नाही. दिवस संपला, प्रोसिडिंग सहीला आलं. सहीच्या वर हातानं मराठीत लिहिलं: प्रश्न विचारला, नोंदवला नाही. मग सही. त्या भावानंही तेच लिहून सही केली. एचआरच्या साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते प्रकरण अजून तारखांवर आहे आणि निकाल काय लागेल मला माहीत नाही. पण त्या टाकीतला गाळ आता कायमचा त्या कागदावर आहे. तो पुसून दाखवा म्हणावं.

हे मला सुचलं कसं? बाबासाहेब वाचले म्हणून. आपण बाबासाहेबांचा कोट बघतो, निळा कोट, हातात संविधान. त्या कोटाखालचा वकील बघत नाही. आपल्यातले काही गरम डोक्याचे साथी म्हणतात, कोर्टं मालकाची, कायदा मालकाचा, लढाई फक्त रस्त्यावर. मग महाडचं काय? १९२७ ला चवदार तळ्यावर माणसं नेली, ओंजळीनं पाणी पिऊन दाखवलं, डोकी फुटली. तिथंच थांबले काय? सवर्णांनी दावा लावला तेव्हा कोर्टात उभे राहिले. खालच्या कोर्टातनं वरच्या कोर्टात, दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं तळं आपलंही आहे म्हणून सांगितलं. रस्ता आणि कोर्ट त्यांनी कधी वेगळे काढले नाहीत.

आणि गिरणीचं काय? अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सवर्ण विणकराला विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कितीजणांना तो कामगारांचा प्रश्न वाटला? पण १९३८ साली संपाचा हक्क कापणारं औद्योगिक कलहाचं बिल आलं, तेव्हा तेच बाबासाहेब १५ सप्टेंबरला मुंबईच्या विधिमंडळात त्याच्याविरुद्ध उभे राहिले, कलम-कलम फाडून बोलले, आणि ७ नोव्हेंबरला त्याच लाल बावट्याच्या बरोबर संपात उतरले. कलमही फाडायचं आणि संपातही उतरायचं. पुढं १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. त्याच काळात, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. मालकाच्या मनातले नियम कागदावर आले पाहिजेत, कामगाराला वाचता आले पाहिजेत, ही त्या कायद्याची गोष्ट. म्हणजे चार्जशिटीतले ते ठरीव शब्द ज्या कागदातनं येतात, तो कागद मालकावर बंधन म्हणून आला होता. आपण तो वाचला नाही म्हणून तो आपल्या मानेभोवती दोरी झाला.

आता ती दोरीही काढून घेतली, आणि तिच्याबरोबर बंधनही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९४६ चा कायदा गेला, १९४७ चा गेला. स्थायी आदेश आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथंच सक्तीचे. जुना केंद्राचा आकडा १०० होता, आपल्या महाराष्ट्रात तर ५० होता. डोंबिवलीच्या फेज एक आणि दोनमध्ये फिरा, वागळेच्या गाळ्यांत फिरा, आणि पटावर ३०० माणसं असलेले गेट मोजा. हाताची बोटं पुरतील. बाकी सगळे २९९ च्या खाली, आणि जे वर आहेत ते कंत्राटदाराच्या नावावर माणसं टाकून कागदावर खाली. तिथं आता मालकाला नियम लिहून टांगायची सक्ती नाही. शिस्तभंग म्हणजे काय ते साहेबाचा मूड ठरवणार. चौकशी न करता काढलं तर दाद मागता येते, तो रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर चालायला कागद लागतो, आणि कागद आता आपल्यालाच तयार करावा लागेल.

बायाबहिणींचं टेबल आणखी छोटं. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजे. दहाच्या खाली असेल, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समितीसमोर कुठल्याच बाजूला वकील नेता येत नाही. म्हणजे पॅकिंगमधल्या बाईनं तक्रार केली तर लिहायचं तिनंच, बोलायचंही तिनंच. पण तक्रार लिहून द्यायला मदत करू नका असं कुठलाच कायदा सांगत नाही. मदत करायला आपल्यातलं कोण गेलंय?

आता जाब.

आपल्या वस्तीतला पोरगा एलएल.बी. होतो. आई विहारात पेढे वाटते. दारावर पाटी लागते, गाडीच्या काचेवर स्टिकर लागतो. मग तो काय करतो? फ्लॅटचे ॲग्रिमेंट. नोटरी. बिल्डरची कामं. हुशार निघाला तर मालकांच्या पॅनेलवर, आणि मग त्याच लोखंडी टेबलाच्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर, गळ्यात निळा दोरा लपवून. त्याला विचारलं की म्हणतो, लेबरमध्ये पैसा नाही रे. खरं आहे, नाही. कामगाराकडं असता तर त्याला वकील कशाला लागला असता? वर म्हणतो, लेबर कोर्टात वकील चालतच नाही. अर्धं खरं. १९४७ च्या कायद्यात समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तरच वकील, अशी अट होती, आणि नव्या संहितेतही ती आहे. गरीब कामगार मालकाच्या वकिलाखाली चिरडू नये म्हणून ती घातली. पण १९७६ साली पारादीप बंदराच्या निकालानं सांगितलं की मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असलेला वकील पदाधिकारी म्हणून उभा राहू शकतो. मालकांनी ते दार ओळखलं आणि त्यातनं घुसले. अरे, तेच दार युनियनच्या पदाधिकाऱ्यालाही उघडं आहे! तू युनियनचा पदाधिकारी हो आणि ये की आत. कोण अडवतंय?

जे येतात त्यांना माझा सलाम. ठाण्याला लेबर कोर्टाच्या आवारात फाटकी ब्रीफकेस घेऊन, फी न घेता, चहावर भागवून कामगारांच्या तारखा करणारे म्हातारे वकील मी पाहिलेत. त्यांच्यामागं कोण आहे ते बघायला गेलो तर मागं कुणी नाही. ही भीती मला मालकापेक्षा जास्त वाटते.

आणि फक्त वकिलांना शिव्या देऊन आपण सुटत नाही. मोर्चाला आपण हजार. फलकावर 'न्याय द्या'. न्याय कुठल्या कलमाखाली, किती दिवसांत मागायचा, विचारलं तर हजारांतला एक बोलत नाही. अनुचित प्रथेची तक्रार करायला त्या १९७१ च्या कायद्यानं ९० दिवस ठेवले. पुढाऱ्याच्या घरी खेपा मारण्यात ८९ दिवस घालवणारे आपलेच भाऊ आहेत. शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं ते नोकरीच्या फॉर्मात लिहायला नव्हे. चार्जशीट वाचता येणं हेसुद्धा शिकणंच आहे.

म्हणून मागणी सरकारकडं नाही, तुमच्याकडं. कल्याण, डोंबिवली, ठाणे, तिन्ही ठिकाणी विहारात आठवड्यातनं एक संध्याकाळ टेबल टाका. आपलं टेबल. तिथं कायदा शिकणारी दोन पोरं बसतील, एक कामगार बसेल. ज्याला मेमो आला त्यानं तो तिथं आणायचा. त्या रात्रीच उत्तर लिहायचं, मराठीत, दोन प्रती, एकीवर पोच. प्रत्येक मेमोला उत्तर, एकही मेमो बिनउत्तराचा नाही. चौकशी लागली तर सहकामगार म्हणून बसणाऱ्याला आधी तयार करायचं: प्रश्न कसा विचारायचा, नाकारलेला प्रश्न कसा नोंदवून घ्यायचा, रोजनाम्याची प्रत कशी मागायची, सहीच्या वर काय लिहायचं. न कळणाऱ्या भाषेत चौकशी चालली तर तिथल्या तिथं हरकत लिहून द्यायची. आणि टाकीत उतरायला सांगणाऱ्याची जीभ काय बोलली ते ऐकणाऱ्या पाच जणांचं म्हणणं त्याच दिवशी, तारीख घालून, लिहून ठेवायचं. महिन्यानं पाचातले दोनच शिल्लक राहतात.

आणि ज्या पोराच्या नावापुढं ॲडव्होकेट लागलंय त्यानं महिन्यातनं चार संध्याकाळी द्यायच्या. नाही दिल्या तर १४ एप्रिलच्या मंचावर त्याला खुर्ची द्यायची नाही. मी हे गमतीनं लिहीत नाही. आपल्याकडं खुर्च्या कमी नाहीत, त्या चुकीच्या जागी मांडल्यात. चौकशीच्या टेबलावर आपल्या बाजूला अजून एकच खुर्ची आहे. तिच्या शेजारी दुसरी ओढून बसा.